त्याला राजा म्हणू नका

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला खेटून, बॅगा दुरुस्त करायचं एक चिंचोळं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली तोफ म्हणते. तोंडावर नाही म्हणत. तेवढी अक्कल गल्लीला आहे. तोंडावर तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

भांडल्याशिवाय तोफेला काम करताच येत नसे. अडकलेल्या चेनची बॅग मांडीवर घ्यायची, पक्कड उचलायची आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. "काय रे मेल्या, इथेच मुक्काम टाकायचाय का तुला? पुढे कोणी अडवलंय? सरक म्हणते ना!" हे त्या चेनवर पुढेमागे धावणाऱ्या रनरला. नाही सरकला तर त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार. सरकला, तरी "मघाशी काय धाड भरली होती?" हे होतंच. मग मान वर करून उरलेला दारूगोळा गिऱ्हाइकावर. "चेन बिघडत नसते हो, तुम्ही बिघडवता. बॅगेवर बसून चेन ओढायची हे कोणी शिकवलं तुम्हाला? बॅग आहे ती, गोदाम नाही." गिऱ्हाईक मुकाट ऐकून घ्यायचं, कारण तिने बसवलेली चेन पुन्हा बिघडत नसे.

लहानपणापासून ती अशीच. तिचा पाठचा भाऊ मात्र जिभेवर साखर घेऊन जन्मला. त्याला घरात बाळ म्हणत, आणि टक्कल पडलं तरी बाळच म्हणतात. काचेचं भांडं फोडायचा बाळ, त्यावर ओरडायची ही, आणि धपाटा बसायचा हिला, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना आवाज हिचाच ऐकू गेलेला असायचा. बाळ तोवर आईच्या कमरेला मिठी मारून लाडीगोडी लावत उभा. हा अन्याय तोफ आजतागायत विसरलेली नाही, आणि का विसरावा?

लग्न झालं तेव्हा दुकान नवऱ्याचं होतं. नवरा मुलखाचा अबोल. टाके कसे घालायचे, रिबिट कसं ठोकायचं, चाकं कशी बदलायची, हे सगळं त्याने तिला नुसतं हाताने दाखवून शिकवलं. दोघांचं छान जमलं. बोलायचं खातं पूर्णपणे तिच्याकडे होतं. तो छातीच्या दुखण्याने अचानक गेला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण दुकान विकून टाकायचा सल्ला देऊन गेला. बाळ त्यात सगळ्यांत गोड बोलला. तोफेने शटर उघडलं, ती शिलाई मशीनवर बसली, आणि सल्ला देणाऱ्यांना जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी बाळाची गाडी दुकानासमोर थांबली. आधी उतरला बाळ, मग आई, मग मागच्या सीटवरून टॉवेल गुंडाळलेला एक पिंजरा.

"ताई, घरात रंगकाम काढलंय गं," बाळ म्हणाला. "आईला वासाचा त्रास होतो. थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे. आणि हा पोपट. ह्याला जरा माणसाळव ना. आमच्याकडे काही केल्या हातावर येत नाही, चावतो, थयथयाट करतो. साहेब जेवायला यायचेत घरी, त्यांना पोपटांची भारी हौस. आईचीही चौकशी करत होते, आई कुठे असतात म्हणून. रंग झाला की दोघांनाही घेऊन जातो."

"दोघांनाही" हा शब्द तोफेच्या कानाला टोचला. पण त्याआधीच तिची नजर आईच्या हातातल्या बॅगेवर गेली होती. बॅगेची चेन तुटलेली, आणि तोंड सेफ्टी पिना लावून मिटवलेलं. चेनवालीच्या आईच्या हातात पिना लावलेली बॅग! तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार, तोच बाळ गाडीत बसून, काच खाली करून, गोड हसून निघूनही गेला. हे त्याला नेहमीच जमायचं.

टॉवेल काढल्याबरोबर पिंजऱ्यात जे झालं त्याला फडफड म्हणता येणार नाही. पोपटाने स्वतःला चारी बाजूंनी आपटून घेतलं, पाण्याची वाटी उलथवली, आणि शेवटी कोपऱ्यात पाठ लावून, चोच उघडी टाकून धापा टाकत राहिला. हिरवागार, लाल चोचीचा, देखणा म्हणावा असा पक्षी. पण छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून काढली होती, आणि पंखांची टोकं कोणीतरी कात्रीने छाटली होती. एक बाजू लांब, एक आखूड. कात्रीचं काम तोफेला कळतं. "कापलंयसुद्धा धड नाही," ती म्हणाली. राग कापल्याचा आला होता की वाईट कापल्याचा, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

आई स्टुलावर बसून खाली बघत होती.

आईचं हे गप्प बसणं तोफेला सहन होत नव्हतं. एके काळी ही बाई तोफेची तोफ होती. मायलेकी भांडायला लागल्या की वरच्या मजल्यावरचे लोक रेडिओ बंद करून ऐकत. केस विंचरण्यावरून, दूध उतू जाण्यावरून, कशावरूनही. भांडण संपलं की दोघी एका ताटात जेवायच्या. वडील गेल्यावर आई बाळाकडे राहायला गेली, आणि फोनवरचा तिचा आवाज बारीक बारीक होत गेला. तोफेला वाटलं, वय झालं. बाळाचं तोंड बघायला नको म्हणून ती त्याच्या घरी फारशी जातही नसे. आता समोर बसलेल्या आईला "जेवतेस का?" विचारलं तर ती म्हणे, "वाढलंस तर जेवेन." "इथेच राहतेस का कायमची?" विचारलं तर म्हणे, "बाळ म्हणेल तसं."

आईने राहावं असं तोफेला जिवापासून वाटत होतं. पण जी नकोही म्हणत नाही आणि हवंही म्हणत नाही, तिला ठेवून घ्यायची कशी? बाळ न्यायला आला की ही मुकाट्याने गाडीत जाऊन बसणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून ती आईशी बोलताना आवाज उतरवायची. सगळ्या गल्लीत त्या एका माणसासाठी. "आई, जरा इकडे येतेस का गं?" "आई, जरा आत बस हं, इथे धूळ उडतेय." तिच्या घशाला ते काम नवीन होतं, घसा दुखायचा. आई हाक मारल्याबरोबर हातातलं टाकून उठायची. किती गरीब झालीय बिचारी, असं तोफेला वाटायचं, आणि ती आवाज आणखी मऊ करायची.

घरी एकटं ठेवायला नको म्हणून आईला ती रोज दुकानात आणायची. आई स्टुलावर बसून रिबिटं निवडायची, लहान इकडे, मोठी तिकडे. पिंजरा वरच्या फळीवर. आणि शेजारून चष्मेवाला यायचा, सल्ले घेऊन.

"ताई, पाखराचं मन नाजूक असतं," तो म्हणाला. "तुमच्या आवाजाने आमच्या काचा हादरतात, त्याचं काय होत असेल? गोड बोलायला शिका. दाणा हातात धरायचा आणि म्हणायचं, ये राजा, ये."

"राजा कशाला म्हणू? राज्य आहे का त्याचं?"

"म्हणून तर बघा."

तोफेने म्हणून बघितलं. दुकानात कोणी नाही असं बघून सूर्यफुलाच्या बिया तळहातावर घेतल्या, पिंजऱ्याचं दार उघडलं, आणि दात ओठ न खाता शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "ये राजा, ये." पोपट किंचाळला. असा किंचाळला की समोरच्या फुटपाथवरचा माणूस दचकून वळला. तिने हात आणखी आत घातला, आणखी गोड म्हणाली, आणि त्याने तिच्या अंगठ्याचा असा काही लचका तोडला की बिया, रक्त आणि पिसं सगळं एकत्र खाली सांडलं. दारात चष्मेवाला उभा होताच.

"ताई," तो म्हणाला, "पोपटाने तुमचाच पोपट केला की!"

त्यानंतर चष्मेवाल्याला जे ऐकावं लागलं ते त्याच्या दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांनीही पूर्ण ऐकलं. पण तोफेच्या मनाला लागलं ते लागलंच. म्हणजे माझा आवाजच वाईट. रनर ऐकतो, दाभण ऐकतं, एक मूठभर पाखरू ऐकत नाही. जन्मभर सगळे हेच सांगत आले, हळू बोल, गोड बोल, बाळाकडून शीक. ती हट्टाला पेटली. रोज सकाळी राजा, दुपारी राजा. पोपट दिवसेंदिवस वाळत चालला. माणसांसमोर दाण्याला तोंडच लावेना. पुन्हा छातीची पिसं उपटू लागला.

मग एक दिवस एक सुटाबुटातला गृहस्थ मोठी सूटकेस ओढत आला. "हे हँडल तुम्ही लावलं होतं. निघालं."

तोफेने हँडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. रिबिटं जागच्या जागी होती; पत्राच फाटला होता. "ह्याच्यावर कोणाला बसवलं होतंत?" तिने विचारलं.

"मुलगा जरा बसला होता. विमानतळावर. ओढत नेत होतो त्याला."

झालं. तोफेने बत्ती दिली. हँडल म्हणजे घोडा आहे का, सूटकेस म्हणजे बैलगाडी आहे का, मुलाला पाय दिलेत ते शोभेला का, आणि वर तोंड करून मलाच विचारता, निघालं कसं? आवाज चढत चढत छताला लागला. गृहस्थ दोन पावलं मागे सरकला. आणि ऐन भरात तिच्या डोक्यात चमकलं, पोपट! मेला असेल तो भीतीने. ती गर्रकन वळली.

पोपट दाणे खात होता. आरामात, एका पायात बी धरून, कट्ट कट्ट टरफल फोडत. तिच्याकडे त्याने एकदा तिरकी मान करून पाहिलं आणि दुसरी बी उचलली. दुकानात तो कट्ट आवाज तिने पहिल्यांदा ऐकला.

गृहस्थाला वाटलं, बाईला शांत करायची हीच संधी. तो पिंजऱ्यापाशी वाकला. "अरे वा! किती गोड आहे. ये राजा, ये, ये..."

पोपटाने स्वतःला तारांवर फेकलं. एकदा, दोनदा, पुन्हा. चोचीच्या मुळाशी रक्त आलं तरी थांबेना. तोफेने गृहस्थाला दंडाला धरून बाहेर काढलं. पोपट निवल्यावर ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, बाळ ह्याला काय म्हणायचा?"

आईने रिबिटांवरची नजर उचलली नाही. "राजा," ती म्हणाली. "ये राजा, ये. अगदी प्रेमाने म्हणायचा. तो जवळ आला की टॉवेल टाकायचा अंगावर. मग कात्री." एक रिबिट बाजूला ठेवत म्हणाली, "नखंही काढायचा. रक्त यायचं."

तोफेच्या अंगाची लाही लाही झाली. ओरडणाऱ्या माणसापासून निदान पळून तरी जाता येतं. हा गोड बोलून जवळ बोलवायचा, आणि जवळ आलं की कापायचा. आणि आपण? आपण इतके दिवस त्या मुक्या जिवाला रोज सकाळ-दुपार नेमकी तीच हाक मारत होतो. चष्मेवाल्याच्या सांगण्यावरून! ती तरातरा शेजारी गेली आणि त्याच्या काउंटरवर हात आपटून म्हणाली, "ह्यापुढे त्याला राजा म्हणायचं नाही. कोणीही नाही. म्हणेल त्याच्या तोंडाला चेन लावीन."

त्याच दिवशी पोपटाचं नाव मेल्या पडलं.

पिंजरा फळीवरून खाली, मशीनच्या शेजारी आला. दार उघडून ती ते दोऱ्याने बांधून टाकायची, म्हणजे आपोआप लागायला नको. टॉवेल दुकानातून हद्दपार झाला; हात पुसायला तिने जुन्या बॅगांचं अस्तर फाडून घेतलं. डावा हात कामाच्या बाकावर, पिंजऱ्याच्या दाराजवळ, तळव्यात बिया घेऊन जसा पडेल तसा. आणि तोंड कामाकडे. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, शिव्या फक्त रनरला. मेल्या पिंजऱ्यातल्या दांडीवरून ऐकत बसायचा.

ह्यात किती दिवस गेले ते तिने मोजले नाहीत, पण तिच्या स्वभावाच्या मानाने फार गेले. एकदा तिचा संयम खरोखरच सुटला आणि तिने हातोडी बाकावर आदळली, "नको येऊस जा! मर तिथेच!" तो कोपऱ्यात घुसला. केलेलं सगळं मातीत गेलं असं वाटून ती दिवसभर स्वतःवरच चरफडत राहिली. पण संध्याकाळी तो पुन्हा होता तिथे आला. उलट दोरेवाल्याचा फोन आला आणि उधारीवर एक जादा रीळ मागायचं म्हणून ती "अहो, जरा बघा ना" असं गोड बोलायला गेली, तर मेल्याने पिंजरा डोक्यावर घेतला. तेव्हा तिला नीट कळलं. आवाज चढला तर त्याचं काही बिघडत नव्हतं. आवाज उतरला की तो बिथरायचा. त्या दिवसापासून ती दोरेवाल्याशीही ओरडूनच बोलू लागली. दोरेवाल्याला काही फरक कळला नाही.

मग एकदा तो दारात येऊन बसला. मग बाकावर उतरला, आणि तिने बघितलं न बघितल्यासारखं केल्यावर, डब्यातला एक पितळी रनर चोचीत धरून पळत सुटला.

"चोरा! तुझ्या बापाचा आहे का तो? ठेव, ठेव आधी खाली!"

त्याने ठेवला. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा उचलला. ती पुन्हा ओरडली. त्या दिवशी एका बॅगेचं काम दिवसभर पुरलं.

आणि मग ती दुपार. मांडीवर कुणाच्या तरी शाळेचं दप्तर, चेनमध्ये पेन्सिलीचं टोक अडकलेलं. "हे काय खाल्लंयस गं? पोटात काय भरून घेतलंयस?" असं चाललेलं असताना तिच्या मनगटावर काहीतरी हलकं, गार, टोकदार येऊन बसलं. पण तोंड तिने थांबू दिलं नाही. थांबलं असतं तर पुढचा शब्द मऊ आला असता, हे तिला ठाऊक होतं. "नालायक दप्तर! शाळेत काय झोपा काढतेस?" चेन केव्हाच सरळ झाली होती. ती रिकाम्या चेनला शिव्या देत राहिली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत राहिलं. मेल्या मनगटावर बसून तिच्या बाहीचं बटण कुरतडत होता.

तिला राहवलं नाही. मान न वळवता ती हळूच म्हणाली, "आई, जरा बघतेस का गं इकडे?"

मेल्या उडी मारून पिंजऱ्यात पळाला. आई हातातली रिबिटं टाकून उभी राहिली.

"तुला नाही म्हटलं रे मेल्या, आईला म्हटलं!" तोफ वैतागून ओरडली. आईला ती म्हणाली, "बस गं, तू कशाला उठलीस?" आणि हसली. तेवढ्यावर ते राहिलं.

पुढे मेल्या खांद्यावर बसून राहू लागला. पंखांची नवी पिसं आली, ती कोणी छाटली नाहीत. शटर वर असतानाही तो उडून गेला नाही. गिऱ्हाइकांना शिव्या पडताना त्याला फार मजा यायची. एक शब्दही बोलत नसे. बोलायचं खातं इथे कोणाकडे आहे हे त्याला समजलं असावं.

बाळाच्या घरचा रंग कधीच सुकला होता. साहेबांच्या जेवणाचा दिवस ठरला तसा तो उगवला, हातात केकचा डबा घेऊन.

"ताई, कमाल केलीस गं! खांद्यावर बसतो चक्क! मी म्हणतच होतो, हे काम ताईच करणार." तो हात पुढे करून वाकला. "ये राजा, ये. ओळखलं नाहीस मला?"

मेल्या तिच्या मानेमागून फिरून कॉलरच्या आत शिरला. त्याची नखं तिच्या मानेत रुतली. सगळं इवलंसं अंग थरथरत होतं. तोफ तोंड उघडणार, पण बाळाने तो नाद सोडून मान वळवली होती.

"बरं, पिंजऱ्यात घालूनच दे. आई, चल. जरा इकडे ये गं."

आईच्या हातातली रिबिटं खाली पडली. ती उभी राहिली. खांदे कानांपर्यंत वर आलेले, नजर फरशीला, पाठ भिंतीला लावलेली. कॉलरच्या आत मेल्या अजून थरथरतच होता.

तोफ त्या दोघांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, आणि आवाज तिचा नेहमीचाच होता, गल्लीभर जाणारा. "बाळ, काय केलंस तू आईला?"

"मी?" बाळ दुखावल्या चेहऱ्याने म्हणाला. "ताई, आईला मी कधी अगंसुद्धा मोठ्याने म्हटलेलं नाही. कोणालाही विचार."

"नाहीच म्हणत," आई फरशीकडे बघून म्हणाली. "आई, जरा आत बस हं, म्हणतो. मग बाहेरून कडी लावतो. पाहुणे जाईपर्यंत."

"अगं आई, तुझ्याच भल्यासाठी ना. तुझ्या हातून सांडतं, मग तुलाच अवघडल्यासारखं होतं..."

त्याचं पुढचं तोफेने ऐकलंच नाही. तिच्या कानात दुसरंच काही वाजत होतं. आई, जरा इकडे येतेस का गं. आई, जरा आत बस हं. रोज. रोज, ह्याच दुकानात, घसा दुखेपर्यंत मऊ करून. पोपटाचं कळलं, पोपटासाठी सगळ्या गल्लीला दम दिला, टॉवेल फेकला, दोरेवाल्याशी बोलायची रीत बदलली. आणि आईला मात्र बाळाच्या आवाजात हाका मारत राहिली. असा संताप तिला जन्मात कधी आला नव्हता, आणि त्यातला मोठा वाटा बाळावरचा नव्हता, स्वतःवरचा होता. तो जाणार कुठे? तो सरळ आईवर फुटला.

"आणि तू काय करत होतीस गं?" ती ओरडली. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला बाहेर धावला. "कडी लावतो म्हणजे काय? दार बडवायचं होतंस! दणकून ओरडायचं होतंस! माझ्याशी भांडताना कुठून यायचा तुला आवाज? मला फोन करायला हात झडले होते?"

"ताई!" बाळ म्हणाला. "आईशी असं बोलतात?"

आईने मान वर केली. खांदे हळूहळू खाली आले. चेहरा लाल झाला, आधी गाल, मग कान.

"माझ्यावर ओरडू नकोस!" आई म्हणाली. आवाज फाटका होता, पण गल्लीत पोचला. "फोन त्याच्या खिशात असायचा! आणि तू? तू किती वेळा आलीस गं? भावाशी पटत नाही म्हणून आईचं तोंडही बघायचं नाही? आणि आता आणलंस तर रोज अळणी खायला घालतेस! जिभेची चव गेली माझी!"

"मग सांगायचं होतंस तसं!"

"सांगू कशी? अशी गोड गोड बोलायला लागलीस माझ्याशी, मला वाटायचं, आता हीही कडी लावणार!"

तोफेचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. हे गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

बाळाने घसा साफ केला. "आई, चल गं, गाडी उभी आहे रस्त्यात..."

"तू जा," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मी भांडतेय, दिसत नाही का?" आणि मग लेकीला म्हणाली, "गप्प का झालीस? बोल ना आता!"

तोफेला रडू येत होतं, आणि रडू आलं की आवाज मऊ होतो. तिने तो होऊ दिला नाही. सगळा जोर लावून ती ओरडली, "अळणी लागतं तर हाताने मीठ घेता येत नाही का तुला?"

"डबा वरच्या फळीवर ठेवतेस, मी काय उडून घेऊ?" आई म्हणाली, आणि स्टूल पुढे ओढून तिच्यासमोर ठाण मांडून बसली.